सुईवाल्या काकू

माझी थोरली बहीण कापड कापायची. शिवायची नाही, कापायची. दोन्हींत फरक तो काय, असं कोणी विचारलं की तिला राग यायचा. "शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही," एवढं सांगून ती गप्प व्हायची. ज्या शिवणकारखान्यात ती होती तिथं शाळांचे गणवेश, ऑफिसातले कोट, दवाखान्यातल्या लोकांचे डगले असं सगळं तयार व्हायचं. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि एका दमात सगळे थर कापत जायचं. हात जरा चळला की एक नव्हे, अख्ख्या ढिगातले कोट एका खांद्यानं तिरके. ताईचा हात चळत नसे. कारखान्यात सगळे तिला ‘मास्तर’ म्हणत. बाकीच्या मास्तरांना ते फारसं रुचायचं नाही, पण मालक म्हणायचे की कात्रीला बाई-पुरुष कळत नाही.

भावोजी शीतगृहात यंत्रांवर होते, पाळ्यांमध्ये काम. शांत माणूस. इतके शांत, की घरात आहेत की नाहीत हे दारातल्या चपलांवरून कळायचं. लग्नानंतर बऱ्याच उशिरा त्यांना मुलगी झाली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून भावोजी तिला ‘मिरी’ म्हणाले आणि पुढं तेच चिकटलं.

मिरी दुसरीत होती तेव्हा तिला तहान लागायला लागली. पाण्याची बाटली संपवायची आणि शेजारच्या मुलीची मागायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं, तेव्हा ताईनं तिला दोन धपाटे घातले. ते धपाटे तिला फार महागात पडले, कारण पुढच्याच आठवड्यात मिरी दवाखान्यात बेशुद्ध पडून होती आणि डॉक्टर सांगत होते की तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, आता जन्मभर बाहेरून द्यावं लागेल. जेवणाआधी प्रत्येक वेळी. दवाखान्यातल्या नर्सनं ताईला टोचायला शिकवलं. आधी स्पंजवर, मग ताईनं हट्टानं स्वतःच्या मांडीवर, मग मिरीच्या दंडावर. थराथरातून कात्री सरळ नेणारा तो हात तेव्हा थरथरला होता. मी शेजारीच उभी होते.

घरी आल्यावर सगळं मार्गी लागलं. पोर धीट निघाली. बोटाला टोचून घ्यायची, रक्ताचा थेंब पट्टीवर धरायची आणि मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचायची. अडचण होती ती शाळेतल्या जेवणाची.

शाळा चांगली होती. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, सज्जन माणूस. पण मागे कधीतरी एका शिक्षिकेनं तापानं फणफणलेल्या मुलाला गोळी दिली होती, त्याच्या अंगावर गांधी उठल्या, आणि त्याच्या काकांनी येऊन ऑफिसातली टेबलं पालथी घातली होती. तेव्हापासून शाळेनं कानाला खडा लावला. नियमच करून टाकला: कोणत्याही कर्मचाऱ्यानं विद्यार्थ्याला कोणतंही औषध द्यायचं नाही, विद्यार्थ्यानं कोणतंही औषध जवळ बाळगायचं नाही, गरज असेल तर पालकांनी स्वतः येऊन द्यावं. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर चौकटीत लावला होता. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. या शाळेनं ताकच बंद केलं.

ताई आणि मी दोघी सरांना भेटायला गेलो. ताईनं विनवलं, की एखाद्या शिक्षिकेला मी शिकवते, दोन मिनिटांचं काम आहे. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाई, सुई तर फारच लांब राहिली. आम्ही मुलांच्या कपाळाला बामसुद्धा लावत नाही," ते म्हणाले. "तुम्ही या की रोज. तुम्हाला कोणी अडवणार नाही."

आपण फार मोठी सवलत दिली असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आम्ही आणखी दोन शाळा पाहिल्या. एकीत हाच नियम होता. दुसरीत अशा मुलांना घेतच नव्हते, त्यामुळे नियमाची भानगडच नव्हती.

कारखाना एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला. काही दिवस ताई भर कामातून निघून बसनं जायची आणि परत यायची. पण कटिंग अर्धवट टाकून उठता येत नाही; मागं शिवणाऱ्या बायका हातावर हात धरून बसून राहत. मालक काही बोलत नव्हते, पण बोलायच्या बेतात होते. भावोजींच्या दुपारी मोकळ्या असायच्या. रात्रपाळी करून ते दिवसा झोपत. ताईनं त्यांना विचारलं, की दुपारचं तेवढं तुम्ही कराल का. ते म्हणाले, "मला सुई बघवत नाही." यावर वाद घालायला काही जागाच नव्हती. मालकांच्या तोंडून ऐकायची वेळ येण्याआधीच ताईनं काम सोडलं.

सुरुवातीला ती जेवणाच्या सुट्टीपुरती शाळेत जायची आणि टोचून घरी परतायची. मग एका सकाळी मैदानावर मिरीची साखर उतरली. घाम फुटला, हातपाय कापायला लागले, डोळे फिरले. ताईनं तिच्या दप्तरात ग्लुकोजची पूड ठेवली होती, पण ती ‘औषध’ म्हणून आधीच काढून ऑफिसच्या कपाटात ठेवलेली. खेळाच्या सरांनी तो डबा आणला खरा, पण ग्लुकोज औषधात धरायचं की खाण्यात, यावर तिथं खल सुरू झाला. मोठे सर बाहेरगावी बैठकीला, फोन उचलत नव्हते. शेवटी कोणीतरी ताईला फोन केला. ती चप्पल न घालता धावत आली, डबा सरांच्या हातातून ओढून घेतला आणि पोरीच्या गालात बोटानं पूड भरली. मिरीनं डोळे उघडले तेव्हा भोवती सगळे शिक्षक उभे होते, आणि सगळ्यांना मोकळं वाटत होतं, कारण औषध पालकांनीच दिलं होतं.

त्या दिवसापासून ताई शाळा भरायच्या वेळी जायची ती शाळा सुटल्यावरच यायची.

जिन्याखाली सामानाची खोली होती. तिच्या दाराशी एक मोडका बाक टाकलेला होता, तो ताईचा झाला. पहिली काही वर्षं ती तिथं नुसती बसून असायची. मला म्हणायची, "दिवसभर काही न करणं हे केवढं कष्टाचं काम आहे, तुला कल्पना नाही." मग कुणा मुलाच्या शर्टाचं बटण तुटलं, ते तिनं लावून दिलं. दुसऱ्याची चेन निघाली. एका शिक्षिकेनं खिडकीचे पडदे आणून दिले. स्नेहसंमेलन आलं की तीस-चाळीस पोशाख तिच्याकडं यायचे. कुणी पैसे विचारले नाहीत, तिनंही मागितले नाहीत. मुलं तिला ‘सुईवाल्या काकू’ म्हणायला लागली. आधी ते मिरीच्या इंजेक्शनवरून पडलं होतं, पुढं बटणांवरून आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं.

हळूहळू ती शाळेत मुरली. कोणाच्या घरी भांडण आहे, कुठला मुलगा डबा न खाता परत नेतो, सगळं तिला ठाऊक. नवे पालक ऑफिसात जायच्या आधी तिच्या बाकापाशी थांबत. कुणी विचारलं की पोराला खोकल्याचं औषध दिलं तर चालेल का, की ताई चौकटीतला नियम तोंडपाठ म्हणून दाखवायची, स्वल्पविरामासकट. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

मग ते पंपाचं प्रकरण झालं. चौथीतला एक मुलगा होता, त्याला दम्याचा त्रास. त्याची आई दवाखान्यात साफसफाईच्या कामावर, बाप नव्हता. तिनं पंप मुलाच्या दप्तरात, कंपासपेटीखाली लपवून ठेवायला सांगितला होता. ताईनं त्याला जिन्याआड पंप ओढताना पाहिलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं. पंप जप्त झाला. त्या बाईला रोज येणं शक्य नव्हतं. महिनाभरात तिनं मुलाला शाळेतून काढलं.

हे ताईनंच मला सांगितलं, भाजी निवडता निवडता.

मी विचारलं, "तुला काय गरज होती गं?"

"मी माझं काम सोडून इथं बसले. मग तिला का सूट? नियम सगळ्यांना सारखा."

"त्या पोराला काही झालं असतं तर?"

"माझ्या पोरीला झालं तेव्हा कोणी विचारलं होतं?"

ज्या नियमानं आपला गळा आवळला त्याचीच दोरी माणूस इतक्या प्रेमानं वळत बसेल, हे मला खरं वाटत नव्हतं. पण समोर बसून भाजी निवडत होती ती माझी सख्खी बहीण होती.

मिरी मोठी झाली. घरी सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन ती केव्हापासूनच स्वतः घ्यायची, पोळी किती खाल्ली त्यावर डोस किती हे गणित तिला ताईपेक्षा पटकन जमायचं. शाळेत मात्र जेवणाची घंटा झाली की जिन्याखाली जायचं, बाही वर करायची आणि आईसमोर उभं राहायचं. वर्गातली मुलं चिडवायची. एक मुलगा तर ती दिसली की बाही वर करून डोळे मिटायचा. तिनं ताईला एकदा सांगितलं की तू निदान सामानाच्या खोलीत आत बस, बाहेर दिसू नकोस. ताई त्या दिवशी आत बसली. दुसऱ्या दिवशी परत बाहेर. आत उजेड नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणाली.

मोठे सर निवृत्त झाले आणि नव्या मुख्याध्यापिका आल्या. तरुण, चटपटीत बाई. त्यांनी आल्या आल्या तो नियम बदलला. वरच्या वर्गातल्या मुलांना, डॉक्टरांची आणि पालकांची हरकत नसेल तर, आपलं औषध ऑफिसात ठेवून स्वतः घेता येईल, असं ठरलं. बाईंनी सगळ्यात आधी ताईला बोलावलं. आपण हिला चांगली बातमी देतोय अशा आनंदात त्या होत्या. त्यांनी सांगितलं की आता तुमची सुटका झाली, तुम्ही फक्त हो म्हणा.

ताई म्हणाली, नको. मुलगी धांदरट आहे, विसरेल, कमीजास्त घेईल. मी येते आहे ते बरं आहे.

आईचं काळीज, असं बाईंना वाटलं असणार. त्यांनी आग्रह केला नाही. ताईनं ही गोष्ट घरी सांगितली नाही, भावोजींना नाही, मला नाही. त्यानंतरही जवळजवळ वर्षभर ती रोज जिन्याखाली बसली आणि मिरी रोज बाही वर करून तिच्यासमोर उभी राहिली.

मिरीला ते कळलं अगदी सहज. दुसऱ्या शाळेतून एक मुलगी आली, तिलाही हेच दुखणं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसात गेली, स्वतःचं इन्सुलिनचं पेन घेतलं, टोचलं आणि डबा घेऊन मैत्रिणी शोधायला निघून गेली. मिरीनं ते दारातून पाहिलं. ती बाईंकडे गेली आणि विचारलं की हिला चालतं तर मला का नाही. बाईंनी सरळ मनानं सांगितलं, "अगं, तुझ्या आईच नको म्हणाल्या होत्या. मागच्या वर्षीच."

शाळा सुटल्यावर मिरी घरी गेली नाही, माझ्याकडं आली. दप्तर दारातच टाकलं, पाणी प्यायली, आणि कोरड्या आवाजात सगळं सांगितलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला शोधत ताई आली तेव्हा मिरी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"तू नाही म्हणालीस?" तिनं विचारलं.

ताईनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू विसरतेस म्हणून."

"मी एकदा तरी विसरलेय?"

ताईनं खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"सांग ना. एक दिवस सांग."

ताई खुर्चीवर बसली. तिच्या पिशवीतून कुठल्यातरी मुलाचा अर्धवट शिवलेला खिसा बाहेर डोकावत होता, तो तिनं आत ढकलला. मग म्हणाली,

"आणि मग मी कुठं जायचं?"

मिरीला ते एकदम कळलं नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. मला वाटलं आता ती जवळ जाईल. ती गेली नाही.

"कामावर जा," ती म्हणाली. "तुझ्या."

"कुठल्या?"

"ते मी कसं सांगू? मी सांगितलं होतं का सोड म्हणून?"

हे वाक्य ताईला जेवढं लागलं तेवढं त्या आजारानंही लागलं नसेल. आणि ते खोटं नव्हतं. पोरीनं काही मागितलं नव्हतं. शाळेनंही काम सोडा म्हटलं नव्हतं, मालकांनी म्हटलं नव्हतं, भावोजींनी म्हटलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. त्या सगळ्या बरोबर माणसांच्या मध्ये माझ्या बहिणीचं आयुष्य कापलं गेलं होतं. आता स्वतःच्या हातानं तिनं पोरीचंही थोडं कापलं, आणि तो हात मात्र मुळीच थरथरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावोजी शाळेत गेले. मिरीच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. शिपायानं त्यांना फाटकावर अडवून विचारलं, कोणाचे वडील. त्यांनी मुलीचं नाव सांगितलं, ते त्याच्या लक्षात येईना. शेवटी ते म्हणाले, सुईवाल्या काकूंचा नवरा, तेव्हा त्यानं आत सोडलं. ऑफिस कुठं हेही त्यांना विचारावं लागलं. मिरीनं औषध स्वतः घ्यायला त्यांनी हो म्हणून सांगितलं आणि ते परत येऊन झोपले, कारण रात्री पाळी होती.

त्यानंतरही ताई आठवडाभर शाळेत जात राहिली. पोशाख अर्धे राहिलेत, एवढे पुरे करते, असं म्हणाली. मिरी जिन्याकडे फिरकत नव्हती. मग नव्या बाईंनी ताईला बोलावून, खुर्ची देऊन, पाणी देऊन, अतिशय गोड शब्दांत सांगितलं की सुरक्षेच्या दृष्टीनं शाळेत कारणाशिवाय बाहेरच्या माणसांना बसू देता येत नाही. तसा नियम आहे. पोशाख घरून शिवून दिलेत तर शाळेला आनंदच होईल.

ताईनं ते पोशाख शाळेच्या बाकावर तसेच ठेवले आणि घरी आली. तिच्या अख्ख्या आयुष्यात तिनं एवढी एकच गोष्ट अर्धी सोडली असेल.

काही महिन्यांनी ती कारखान्यात गेली. जुने मालक वारले होते, मुलगा बघत होता. कटिंगला आता यंत्र आलेलं. संगणकावर आखायचं आणि यंत्र आपोआप कापत जातं, कुणाचा हात चळायचा प्रश्नच नाही. मुलगा आदरानं बोलला, वडील तुमचं नाव काढायचे म्हणाला, आणि धागे तोडायच्या टेबलावर जागा दिली. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे छोट्या कात्रीनं छाटायचे, एवढंच काम. त्या टेबलावरच्या मुली मिरीच्या वयाच्या होत्या. त्यातली एकही तिला ‘मास्तर’ म्हणत नव्हती; म्हणायला तिनं सांगितलंही नाही. मी एकदा तिला तिथं भेटायला गेले तर ती मान खाली घालून झरझर दोरे छाटत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "बस जरा. एवढा ढीग संपू दे, नाहीतर पुढच्यांचं अडतं."

मिरी बारावी झाली आणि शिकायला दूरच्या शहरात गेली. वसतिगृहात राहते. आठवड्यातून एकदा फोन येतो, बहुतेक भावोजींच्या फोनवर. आश्चर्य म्हणजे आताशा ते तिच्याशी बोलतात. यंत्रांबद्दल, हवेबद्दल, काहीबाही. मग फोन ताईकडं देतात. साखर किती असते, असं ताईनं सुरुवातीला विचारलं होतं. मिरी म्हणायची, ठीक आहे. किती ठीक, असं विचारलं की फोन कट व्हायचा.

मागच्या सुट्टीत ती आली तेव्हा मी तिथं होते. मुलगी अंगानं भरली होती, छान दिसत होती. माझ्या गळ्यात पडली, हसली, कॉलेजच्या गमती सांगितल्या. ताईनं तिच्या आवडीचा स्वयंपाक केला होता. ताटं मांडली तशी मिरी पर्स घेऊन उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दाराला कडी घातली. कडीचा आवाज बाहेर आम्हाला चांगला ऐकू आला.

भावोजी पेपर वाचत होते. ताईनं वाढलेला भात थंड होऊ नये म्हणून ताटावर ताट पालथं घातलं.

मी हळूच म्हटलं, "कडी कशाला घालते? आपल्याच घरात?"

"असू दे," ताई म्हणाली. "मी जाते ना मधेच. एकदा गेले होते."

मग तिनं पाण्याचे पेले भरले. दार उघडलं, मिरी बाही सारखी करत बाहेर आली आणि जेवायला बसली. घेतलंस का, किती घेतलंस, कोणी काही विचारलं नाही. तसं त्या दोघींचं आता ठरलेलं आहे.